पुन्हा न खेळायचा खेळ

अमेरिकेला मी गेलो तो काही माझ्या कर्तबगारीवर नव्हे. अक्काच्या लेकीचे दिवस भरत आले होते, अक्काला बाळंतपणासाठी जायचे होते, आणि अक्काला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. "मला विमानात बसव आणि विमानातून उतरव, पुढचं मी बघते," असे ती म्हणाली. घरात पासपोर्ट असलेला रिकामा माणूस मी एकटाच निघालो. तो पासपोर्ट मी कशासाठी काढला होता ते आता आठवत नाही. कादंबरीकाराने काढून ठेवलेला बरा, असे कुणीतरी सांगितले होते एवढे खरे. शाळेतून चार महिन्यांची बिनपगारी रजा मिळाली. ती इतक्या चटकन मंजूर झाली की मनाला थोडे लागलेच.

२०२३ च्या सप्टेंबरात आम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या कोर्टलँड या गावी जाऊन पोचलो. न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आभाळाला टेकलेल्या इमारती उभ्या राहतात. पण त्या नावाचे राज्य चांगले लांबरुंद आहे, आणि कोर्टलँड त्या इमारतींपासून मोटारीने चार तासांच्या वाटेवर आहे. वस्ती सतरा-अठरा हजारांची. भोवती टेकड्या, मक्याची शेते, गाईगुरांचे गोठे. म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावाएवढाच पसारा, फक्त एस. टी. स्टँड नाही आणि रस्त्यावर माणूस नाही. गावच्या टेकडीवर एक कॉलेज आहे. १८६८ साली ते स्थापन झाले तेच मुळी शाळामास्तर तयार करण्यासाठी. पुढे ते राज्याच्या विद्यापीठाचा भाग झाले, पण आजही शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारे कॉलेज म्हणून त्याचे नाव आहे. हे कळले आणि परमुलखात भाऊबंद भेटल्यासारखे मला वाटले.

मी स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलेलो नाही. आमच्या विनाअनुदानित शाळेच्या संस्थाचालकांना माझी एक कादंबरी आवडली, म्हणून मी वर्गावर उभा आहे. मुलांना मराठी शिकवतो आणि संध्याकाळी दहावीच्या मुलांची अभ्यासिका सांभाळतो. कॉलेजात पाऊल टाकायचे राहून गेले याची रुखरुख माझ्या पोटात कायमची घर करून आहे. या रुखरुखीपायी माझ्या हातून एकदा काय झाले, ते पुढे सांगेन.

भाचीच्या शेजारी सत्तरी उलटलेले एक गृहस्थ राहत. याच कॉलेजात शिकलेले आणि पुढे उभा जन्म शाळेत मुलांना कवायत आणि खेळ शिकवून निवृत्त झालेले. मी शिक्षक आहे एवढे कळताच त्यांनी मला आपलेसे करून टाकले. पहिल्याच शनिवारी दुपारी दाराशी भोंगा वाजला. "चला मास्तर, सामना आहे," ते म्हणाले. मी धोतर नव्हे, पण जावयाचा लोंबता कोट चढवून निघालो.

अमेरिकन फुटबॉल हा खेळ मी त्याआधी पाहिला नव्हता. पहिला अर्धा तास मला वाटत होते की भांडण मिटले की खेळ सुरू होईल. नावात फूट आहे, पण पायाचे काम फार थोडे. चेंडू दोन्हीकडे निमुळता, आणि तो काखोटीला मारून पळायचे किंवा लांब फेकायचे. मी मनातल्या मनात त्याची आट्यापाट्यांशी सांगड घातली तेव्हा कुठे उलगडा होऊ लागला. अकरा गडी इकडे, अकरा तिकडे. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार खेपांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले की पुन्हा चार खेपा मिळतात, नाहीतर चेंडू दुसऱ्यांचा. असे पाटीमागून पाटी ओलांडत पलीकडच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की सहा गुण. वर एक बक्षीस असते. खांबांमधून चेंडू लाथाडला तर एक गुण, आणि लाथाडण्याऐवजी तीन यार्डांवरून तो पुन्हा पळवत किंवा झेलत आत नेला तर दोन. लाथ बहुधा चुकत नाही. आत घुसणे मात्र निम्म्याहून अधिक वेळा फसते. हा हिशेब वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याच्यावाचून अडेल.

खेळ रांगडा आहे, आणि तो मला निखालस आवडला असे मी म्हणणार नाही. दोन बोकड टकरा घेतात तशी माणसे एकमेकांवर आदळतात. डोक्याला पुन्हापुन्हा बसणाऱ्या हिसक्यांनी पुढे उतारवयात मेंदूवर परिणाम होतो, हे तिकडच्या डॉक्टरांनी आता दाखवून दिले आहे. अक्का एकदाच सामन्याला आली. "यांच्या आया इथं बसून कशा बघतात रे?" एवढे विचारून ती अर्ध्यावर मोटारीत जाऊन बसली. शेजाऱ्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या कॉलेजचे प्रशिक्षक जॉन गॅलियार्डी यांची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ सरावात मुलांना एकमेकांना पाडूच देत नसत, आणि मुलांनी आपल्याला 'कोच' न म्हणता नुसते 'जॉन' म्हणावे असा त्यांचा दंडक होता. शहाऐंशी वर्षांचे होईपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत, ते शिकवत राहिले. त्यांनी ४८९ सामने जिंकले. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात तेवढे कुणीच जिंकलेले नाहीत. न आपटता शिकवता येते तर! आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत कोपऱ्यात उभी असलेली छडी मला तेव्हा आठवली.

पण मला त्या मैदानाशी बांधून ठेवले ते वेगळ्याच गोष्टीने. तिकडे कॉलेजांच्या खेळाचे १९७३ सालापासून तीन विभाग आहेत. पहिल्या विभागातल्या मोठ्या विद्यापीठांचे सामने लाख-लाख माणसे पाहतात. तिथे आता खेळाडूंना पैसाही मिळू लागला आहे. तिसरा विभाग सर्वांत खालचा आणि कॉलेजांच्या संख्येने सर्वांत मोठा. फुटबॉल खेळणारी कॉलेजेच त्यात सुमारे दोनशे चाळीस. कोर्टलँड त्यांतले एक. या विभागाचा मुख्य नियम असा, की खेळासाठी म्हणून कुणालाही शिष्यवृत्ती द्यायची नाही. फी भरायची, अभ्यास करायचा, आणि हौस असेल तर खेळायचे. यांतून धंदेवाईक संघांत पोचणारा मुलगा इतका विरळा, की त्याचे नाव गावाला पाठ असते. बाकीचे पुढे मास्तर होतात, हिशेबनीस होतात, बापाची शेती सांभाळतात.

"मग हे खेळतात कशासाठी?" मी पहिल्याच दिवशी विचारले.

शेजाऱ्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी देवळात उभा राहून नमस्कार कशासाठी करतात म्हणून विचारले असावे. उत्तर त्यांनी दिलेच नाही. ते मिळायला मला डिसेंबर उजाडला.

सप्टेंबर, ऑक्टोबर असे दर शनिवारी सामने होत गेले. टेकड्यांवरची झाडे पिवळी झाली, लाल झाली, ओकीबोकी झाली. भाचीला मुलगी झाली. अक्काने डिंकाचे लाडू कुठल्या डिंकाचे केले ते तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. नोव्हेंबरात कोर्टलँडचा इथाकाशी सामना आला. इथाका हे शेजारचे गाव, सुमारे वीस मैलांवर. या दोन कॉलेजांची १९५९ पासून एका बुधल्यासाठी झुंज चालते. साधा जुना बुधला, त्यावर दरवर्षीचे गुण रंगवतात. पण तो आपल्या गावात असावा म्हणून माणसे वर्षभर एकमेकांना टोमणे मारतात. २०१९ साली हा सामना न्यूयॉर्क शहराजवळच्या एका प्रचंड मैदानावर भरवला, तर ४५,१६१ प्रेक्षक आले. तिसऱ्या विभागात एवढी गर्दी त्याआधी कधी जमली नव्हती. माझ्या वर्षी तो कोर्टलँडलाच होता, ११ नोव्हेंबरला. दुसऱ्या दिवशी आपले अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन. अक्काने दिलेला चकल्यांचा डबा मी मैदानावर नेला. गार वाऱ्यात आमच्या अख्ख्या रांगेने तो फस्त केला. कोर्टलँड जिंकले. रात्री गावात पोरे ओरडत हिंडत होती, आणि भाचीच्या ओसरीवर विजेच्या पणत्या लुकलुकत होत्या. शेजाऱ्यांना वाटले, त्या विजयाच्याच! मी दुरुस्ती केली नाही.

त्यानंतर बाद फेऱ्या सुरू झाल्या. तिकडे त्यांना प्लेऑफ म्हणतात. १९७३ साली पहिल्यांदा त्या झाल्या तेव्हा अवघे चार संघ होते. २०२३ साली बत्तीस होते, आणि पुढच्या वर्षापासून चाळीस केले. अंतिम सामन्याला नाव आहे स्टॅग बाउल. हे एमॉस अलोंझो स्टॅग शिकागो विद्यापीठात १८९२ पासून चाळीस वर्षे प्रशिक्षक होते. सत्तरी आली म्हणून विद्यापीठाने त्यांना निरोप दिला, तर हे कॅलिफोर्नियात जाऊन दुसऱ्या कॉलेजात कामाला लागले आणि १०२ वर्षांचे होऊन १९६५ साली वारले. त्यांच्या मागे शिकागोत काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. १९३९ साली कुलपतींनी ठरवले की खेळापायी विद्या मागे पडते आहे, आणि एके काळी साऱ्या देशात गाजलेला फुटबॉलचा संघच मोडीत काढला. मैदान ओस पडले. त्या मैदानाच्या प्रेक्षकसज्ज्याखाली २ डिसेंबर १९४२ रोजी फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणूची पहिली साखळी-प्रक्रिया घडवून आणली. पुढे १९६९ साली शिकागोत फुटबॉल परत आला, आणि आज तिथली मुले याच तिसऱ्या विभागात, फुकट, खेळतात. ही हकीकत शेजाऱ्यांनी मला सांगितली तेव्हा मी हसलो. पण विद्येसाठी खेळ बंद करणारे ते कुलपती रात्री मला पुन्हा आठवले, आणि मग झोप लागली नाही.

त्याचे कारण असे. काही वर्षांपूर्वी आमच्या दहावीत एक मुलगा होता. खो-खोमध्ये वीज. खुंटावर झेप टाकून गडी टिपायचा तो अशी, की पाहणारा क्षणभर श्वास विसरावा. त्या वर्षी आमचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि सामना नेमका पूर्वपरीक्षेच्या दिवशी आला. पेपर नंतर घेता आला असता. मुख्याध्यापक तयारही होते. मी आडवा आलो. मुलाला अभ्यासिकेत बसवून मी सांगितले, "खेळून कुणाचं पोट भरलंय? मला कॉलेज मिळालं नाही, तुला तरी मिळू दे." त्याने मान खाली घातली आणि "बरं सर" म्हणाला. संघ एका गुणाने हरला. मुलगा पास झाला, बेताच्या गुणांनी. कॉलेजात गेला नाही. गावच्या डेअरीवर लागला.

बाद फेरीचे एक साधे गणित आहे. बत्तीस संघांपैकी एकतीस हरूनच घरी जातात. बाद फेरीतल्या हजारो मुलांत शेवटचा सामना जिंकून थांबणारा संघ एकच. बरीच वर्षे तो बहुधा ओहायोतले माउंट युनियन असे, नाहीतर विस्कॉन्सिनचे व्हाइटवॉटर. माउंट युनियनने तर तेरा वेळा विजेतेपद नेले आहे. कोर्टलँडच्या नावावर एकही नव्हते. पण त्या वर्षी पोरे थांबेनात. उपान्त्यपूर्व फेरीत मिशिगनच्या अल्मा कॉलेजला त्यांनी ५८–४१ असे हरवले. मग व्हर्जिनियातल्या रँडॉल्फ-मेकनचा ४९–१४ असा धुव्वा उडवला. डिसेंबर म्हणजे तिकडे सत्रपरीक्षांचे दिवस. एका दुपारी गावातल्या कॉफीच्या दुकानात दोन धिप्पाड पोरे बसलेली दिसली. एकाच्या बोटांना पट्ट्या, समोर उघडे पुस्तक, आणि तो दुसऱ्याकडून माणसाच्या हाडांची नावे म्हणवून घेत होता. परीक्षाही होती, सामनाही होता. मी कॉफी तशीच ठेवून बाहेर आलो.

त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले. बाहेर बर्फ पडत होते. कपाटातून त्यांनी आपला जुना तांबडा सदरा काढून दाखवला. "मास्तर, पोहणारा म्हातारपणी पोहतो. टेनिसवाला खेळतो. तुमचे क्रिकेटवाले तर साठीतही रविवारी मैदानात दिसतात म्हणे. हा खेळ तसा नाही. बावीस माणसं, अंगावर चिलखत, तरुण हाडं, हे सगळं पुन्हा जमत नाही. शेवटची शिट्टी वाजली की जन्मभरासाठी संपलं. मी शेवटचा सामना हरलो तेव्हा खोलीत सगळे निघून गेले होते आणि मी खांद्यावरचे पॅड सोडत नव्हतो. शेवटी सामान गोळा करणारा माणूस आला आणि शेजारी बसून राहिला. काही बोलला नाही. मी पुढं आयुष्यभर शाळेत तेवढंच केलं. हरलेल्या पोरांच्या शेजारी बसलो."

अंतिम सामना १५ डिसेंबरच्या शुक्रवारी रात्री व्हर्जिनियातल्या सेलम या गावी होता. पूर्वी कैक वर्षे हा सामना त्याच गावी होत असे. आम्ही तो शेजाऱ्यांच्या बैठकीत टेलिव्हिजनवर पाहिला. अक्का पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. समोर इलिनॉयचे नॉर्थ सेंट्रल कॉलेज, आदल्या वर्षीचे विजेते, सलग एकोणतीस सामने न हरलेले. रात्र चढत गेली तशी आमच्या बैठकीत बोलणे बंद झाले. कोर्टलँड ३८, नॉर्थ सेंट्रल ३१. आणि खेळ संपायला दीड मिनिटाहून कमी उरलेले असताना नॉर्थ सेंट्रलच्या पोरांनी चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला. ३८–३७.

आता तो मघाचा हिशेब. लाथ मारली असती तर जवळजवळ हमखास एक गुण, बरोबरी, आणि जादा वेळ. पण ते लाथाडायला आलेच नाहीत. दोन गुणांसाठी उभे राहिले. जिंकू नाहीतर हरू, इथेच, आत्ता. शेजाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत. ते आत घुसू पाहत होते आणि कोर्टलँडची पोरे वाट अडवून उभी होती. एक क्षण सगळे एकमेकांत मिसळले, आणि मग पंचाने हात आडवे हलवले. गुण नाही.

बाहेर गावात भोंगे सुरू झाले. पोरगी दचकून रडू लागली. शेजारी माझ्या गळ्यात पडले. पडद्यावर तांबड्या सदऱ्यांची एकच झुंबड उडाली होती. मधेच क्षणभर पलीकडचा एक मुलगा दिसला. गुडघ्यावर बसलेला, हेल्मेट डोक्यावरच. कुणीतरी ते काढायला हात लावला तर त्याने मान हलवली. अक्का म्हणाली, "त्या पोराजवळ कुणी बसत का नाही?"

जानेवारीत मी गावी परतलो. सामानात एक तांबडी टोपी होती, तिच्यावर कोर्टलँडचे नाव. दुसऱ्या दिवशी पहाटेच डेअरीवर गेलो. तो गळ्याला मफलर गुंडाळून दुधाचे फॅट मोजत होता. रांगेत कॅन घेऊन माणसे उभी. "या सर," म्हणून त्याने खुर्ची पुसली. टोपी हातात दिल्यावर विचारले, "ही कशाबद्दल?" मला एकदम सांगता येईना. मी त्याला सेलमच्या सामन्याची गोष्ट सांगत बसलो. काम करता करता तो ऐकत होता. एकाच्या लाथेऐवजी दोनासाठी उभे राहिले, इथे आल्यावर त्याचा हात थांबला.

"बरोबरी हातात होती की सर."

"होती."

त्याने विचार केला. "नाही सर. मीपण आत घुसलो असतो."

मग मी बोललो. "तुला मी त्या दिवशी खेळू द्यायला हवं होतं."

"ते होय?" तो हसला. "बारा-अकरा झालं सर. शेवटच्या डावात त्यांचा डावखुरा गडी खुंटामागं राहिला होता, आपल्या कुणाला दिसलाच नाही. मला कुंपणाबाहेरून दिसत होता."

"तू तिथे होतास?"

"पेपर अर्ध्यावर देऊन सायकल मारली होती. तुम्हाला सांगितलं नाही." टोपी त्याने मफलरवरच चढवली. मागून कुणीतरी कॅन वाजवला, आणि त्याने पुढचे दूध ओतून घेतले.